अपू पुस्तकातला, अपू पडद्यावरचा : कादंबरी आणि चित्रपटातल्या पात्रांची तुलना कशी करावी

कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट यांतल्या पात्रांची तुलना करा, हा प्रकल्प बारावीपासून एम.ए.पर्यंत कुठेही वाट्याला येतो. माझ्याकडे दर वर्षी असे सात-आठ प्रकल्प तपासायला येतात. त्यांतल्या बहुतेकांत एक वाक्य हमखास असतं : ‘कादंबरीत हे पात्र सविस्तर आले आहे, चित्रपटात ते थोडक्यात आटोपले आहे.’ वाक्य खोटं नाही, पण ते वाचून पात्राबद्दल नवीन काही कळत नाही. एवढं जाड पुस्तक दोन तासांत बसवायचं म्हणजे काहीतरी गळणारच. जे गळलं ते कुठे गेलं, कुठल्या दुसऱ्या पात्राच्या अंगावर जाऊन पडलं, हे शोधायला लागलात की तुलनेला सुरुवात झाली.

हे शिकवायला मी गेली काही वर्षं एकच जोडी घेते : बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही १९२९ साली पुस्तकरूपाने आलेली बंगाली कादंबरी, आणि सत्यजित राय यांचा त्याच नावाचा १९५५ चा चित्रपट. निश्चिंदिपूर नावाचं गाव, पडकं घर, पोथी-पूजेवर जगणारा हरिहर, घर रेटणारी सर्वजया, मोठी मुलगी दुर्गा, धाकटा अपू आणि त्यांच्या आसऱ्याला राहणारी म्हातारी इंदिर ठाकरुण. मुलं वाढतात, माणसं जातात, शेवटी गाव सुटतं. गोष्ट एवढीच. म्हणूनच ती या कामाला फार चांगली, कारण कथानकाच्या गुंत्यात आपण अडकत नाही, लक्ष माणसांवर राहतं. तुमची जोडी दुसरी असेल तरी रीत हीच.

आधी हद्द आखा

कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिला मुख्यतः इंदिर ठाकरुणचा, दुसरा दुर्गा-अपूच्या बालपणाचा, आणि तिसरा काशीला गेल्यानंतरचा. राय यांचा चित्रपट दुसऱ्या भागाच्या शेवटी, गाव सोडताना थांबतो. काशी, हरिहरचा मृत्यू आणि त्यानंतरचे दिवस हे सगळं त्यांनी पुढच्या ‘अपराजितो’ या चित्रपटात घेतलं.

त्यामुळे ‘चित्रपटात हरिहरचा मृत्यू वगळला आहे’ असं लिहिलंत तर ती चूक होईल. त्याचा मृत्यू या चित्रपटाच्या हद्दीबाहेरचा आहे. तुलना करायची ती दोन्हीकडे असलेल्या काळाची. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : कादंबरीचं अमुक प्रकरण ते अमुक प्रकरण, चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

अनुवाद वाचत असाल तर तो पुरा आहे का, हेही बघा. क्लार्क आणि मुखर्जी यांचा १९६८ चा इंग्रजी अनुवाद खूप वाचला जातो, पण तोही गाव सोडण्यापाशीच संपतो, तिसरा भाग त्यात नाही. तेवढाच वाचून ‘कादंबरी आणि चित्रपट यांचा शेवट सारखा’ असं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा दोष नाही, हातात आलेलं पुस्तकच तेवढं होतं. आपण कुठली आवृत्ती वाचली हे मात्र लेखात सांगायचं.

वही कशी मांडायची

साधी दोनशे पानी वही घ्या. उघडल्यावर डावं पान कादंबरीचं, उजवं चित्रपटाचं. एका जोडपानावर एकच प्रसंग. ‘दुर्गा’ असं पात्राचं नाव वर घालून खाली गुण लिहीत जाऊ नका. तसं केलं की ‘खोडकर, प्रेमळ, भावावर जीव’ अशी यादी तयार होते, आणि ती दोन्हीकडे सारखीच निघते. प्रसंग लिहा : कोणी काय केलं, कोणासमोर केलं, हातात काय होतं.

डाव्या पानावर प्रकरण आणि पान, उजव्यावर मिनिट आणि सेकंद. आधी कादंबरी पूर्ण वाचा, मग चित्रपट एकदा न थांबवता बघा. त्या वेळी वही मिटलेलीच हवी. दुसऱ्यांदा बघताना थांबवत, मागे नेत टिपा. पहिल्यांदाच पेन हातात घेतलंत तर चित्रपट बघायचा राहून जातो.

एक वस्तू धरा आणि तिच्या मागे जा

मला विचाराल तर सगळ्यांत हाती लागणारी वाट हीच. पात्राच्या मनात काय आहे यावर वाद होऊ शकतो, पण वस्तू कोणाच्या हातात होती, कुठे लपवली, शेवटी तिचं काय झालं, हे डोळ्यांनी दिसतं. ‘पथेर पांचाली’त ही वस्तू म्हणजे दुर्गाने उचललेला दागिना.

कादंबरीत अशा दोन गोष्टी घडतात. आधी शेजारच्या टुनूची मण्यांची माळ. शेजारीण भांडत येते, दुर्गाची खेळण्यांची पेटी उघडते, आणि माळ त्यात सापडते. सर्वजया मुलीला मारते. पुढे बऱ्याच काळाने शेंदूर ठेवायची एक छोटी सोन्याची डबी त्या घरातून नाहीशी होते. आळ दुर्गावर येतो, मारही बसतो, पण डबी काही सापडत नाही. दुर्गा गेल्यानंतर, गाव सोडायच्या वेळी, ती अपूच्या हाताला लागते. तो ती बांबूच्या बनात फेकून देतो. लेखक आपल्याला त्याचं मनही सांगतो : राहील तिथेच, कोणाला कळायचं नाही, तिथे जातंय कोण.

चित्रपटात या दोन गोष्टींची एक झाली आहे. वस्तू एकच, मण्यांची माळ. शेजारीण येते, पेटी धुंडाळते, माळ मिळत नाही. तरी सर्वजया दुर्गाला केसांना धरून फरफटत दाराबाहेर काढते. दार लागतं. मग सर्वजया एकटीच बसून रडते आणि विखुरलेली खेळणी गोळा करते. माळ निघते ती अगदी शेवटी, फळीवरच्या नारळाच्या करवंटीत. आतून कोळी बाहेर येतो, त्याच्यामागे माळ. अपू ती घेऊन धावत तळ्याशी जातो आणि फेकतो. पाण्यावरचं शेवाळ फाटतं, काळं पाणी दिसतं, आणि हळूहळू शेवाळ परत मिटतं.

आता वहीच्या तळाशी एक प्रश्न लिहा : हा बदल झाला, त्याची किंमत कोणत्या पात्राने भरली?

कादंबरीत माळ पेटीत सापडल्यामुळे दुर्गा वस्तू उचलते हे वाचकाला लवकर कळतं. आपण तिला ओळखून असतो आणि तरी ती आपल्याला आवडते. चित्रपटात आपल्याला खात्री नसते. त्यामुळे मार खाताना ती आपल्याला निर्दोष वाटते, आणि सर्वजयाचा हात जास्त लागतो. म्हणजे या बदलाने दुर्गाचा अपराध शेवटापर्यंत झाकला गेला, आणि आईचा कठोरपणा उघड्यावर आला. किंमत सर्वजयाने भरली. पण खेळणी गोळा करण्याच्या त्या प्रसंगाने राय तिला तिचं माणूसपण लगेच परत देतात, आणि थोड्या वेळाने तीच अपूला ताईला जेवायला बोलवायला पाठवते. हे तिन्ही तुकडे एकत्र मांडले की ‘चित्रपटातली सर्वजया अधिक कठोर आहे’ या विधानाला आधार येतो आणि त्याची मर्यादाही दिसते.

अपूचं काय झालं? पुस्तकात त्याच्या मनातलं वाक्य आहे, चित्रपटात ते वाक्य नाही. मिटणारं शेवाळच ते वाक्य आहे. ‘कोणाला कळायचं नाही’ हे पाण्याने सांगितलं. पात्राचा विचार चित्रपटात कुठल्या वस्तूत, कुठल्या हालचालीत जाऊन राहिला, हे शोधायचं म्हणजे काय, त्याचा याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही.

मृत्यूची जागा हलवली की सगळं घर हलतं

प्रसंगांचा क्रम ताडून बघा. कादंबरीत इंदिर ठाकरुण पहिल्याच भागात जाते. अपू तेव्हा तान्हा असतो. ती मरते गावातल्या मोठ्या माणसांच्या देखत, आणि तिच्याबरोबर गावातला जुना काळ संपला असं निवेदक सांगतो. म्हणजे तिचा मृत्यू गावाच्या इतिहासातला आहे.

राय यांनी तिला बरीच वर्षं जगवलं. चित्रपटात अपू शाळेत जायला लागला तरी ती आहे. फाटकी घोंगडी, वाकलेली पाठ, संध्याकाळी ‘हरी, दिवस तर गेला, आता पार कर’ असं गाणं. ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवींनी हे काम केलं आहे. त्यांचं बोळकं आणि ते हसू पाहिलं की दुर्गा तिच्यासाठी पेरू का चोरते हे सांगावं लागत नाही. शेवटच्या वेळी ती घरी येते, पाणी मागते. सर्वजया जागची हलत नाही. म्हातारी स्वतःच पाणी घेते, उरलेलं एका रोपट्यावर ओतते आणि निघून जाते. पुढे बांबूच्या बनात बसलेली ती मुलांना दिसते. दुर्गा हात लावते, ती कलंडते. तांब्या घरंगळत पाण्यात जातो.

काळ बदलल्याचा परिणाम पात्रागणिक लिहा. दुर्गाला म्हातारीचा सहवास मिळाला, तिच्या स्वभावातली माया त्यामुळे दिसली. अपूने पहिला मृत्यू पाहिला, तोही आगगाडी बघून परतताना, त्याच दिवशी. आणि सर्वजयाचं म्हातारीशी तोडून वागणं आता वाढत्या मुलांच्या डोळ्यांदेखत घडतं. कादंबरीत तेच वागणं नव्याने संसार मांडलेल्या तरुण बाईचं आहे, आणि मुलं ते समजण्याइतकी मोठी नाहीत. वाक्य तेच, वर्तन तेच, पण बघणारा बदलला की पात्र बदलतं. कोण बघतंय हा रकाना वहीत हवाच.

गळलेली माणसं

कादंबरीत नीरेन नावाचा एक तरुण गावात येतो. दुर्गाच्या मनात त्याच्याविषयी काहीतरी हलतं, लग्नाचीही गोष्ट निघते. चित्रपटात नीरेन नाही. म्हणून दुर्गाचं वयात येणं गेलं असं समजू नका. मैत्रिणीच्या लग्नाच्या प्रसंगी सजलेल्या नवरीकडे बघताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं, ते बघा. दुर्गाचं काम करणाऱ्या उमा दासगुप्ता या शाळकरी मुलीचा तो चेहरा काही क्षणच पडद्यावर आहे. कादंबरीत कित्येक पानांत मुरलेलं तिथे एका चेहऱ्यावर आलं. जमलं का? माझ्या मते अर्धंच. पुस्तकातल्या दुर्गाला एका विशिष्ट माणसाची ओढ आहे, चित्रपटातल्या दुर्गाला लग्नाचीच. पहिली जास्त खाजगी, म्हणून जास्त बोचणारी. तुम्हाला उलटं वाटलं तर तसं लिहा, फक्त तो चेहरा किती सेकंद दिसतो आणि त्याआधी काय दाखवलं, हे सोबत द्या.

ज्याचं मनच पुस्तक आहे, त्याचं काय करायचं

वाढत्या वयाच्या कादंबरीतला मुलगा बहुधा कृती कमी करतो आणि विचार फार. अपू तसाच. आई महाभारत वाचते तेव्हा त्याला कर्णाचं वाईट वाटतं. चाक जमिनीत रुतलेलं, हातात शस्त्र नाही, आणि तरी अर्जुन बाण मारतो, हे त्याला सहन होत नाही. बांबूची काठी घेऊन तो रानात एकट्यानेच युद्ध लढतो. वडिलांच्या जुन्या पोथीत त्याला सापडतं की गिधाडाच्या अंड्यात पारा भरून ते उन्हात ठेवलं की माणसाला उडता येतं, आणि तो खरंच गुराख्याच्या पोरांकडून अंडी मिळवतो. हे सगळं वाचताना आपण त्याच्या डोक्याच्या आत असतो.

चित्रपटातला अपू बोलतोही थोडं. त्याची ओळख कशी करून दिली आहे ते पुन्हा पुन्हा बघा. पांघरुणाखाली झोपलेला मुलगा. दुर्गा पांघरूण बाजूला करते, बोटांनी त्याची पापणी उघडते, आणि पडद्यावर एक मोठा डोळा येतो. विचार करणाऱ्या मुलाचा राय यांनी बघणारा मुलगा केला. पुढे गावातली जात्रा, म्हणजे बंगाली लोकनाट्य, बघताना ते डोळे मोठे होतात, आणि दुसऱ्या दिवशी तो बेगडाचा मुकुट आणि मिशी लावून आरशात बघतो. कर्णाची सगळी पानं त्या मुकुटात आली आहेत. बेगड दुर्गाच्या पेटीतलं असतं आणि त्यावरून भांडण होतं, म्हणजे तो मुकुट बहीण-भावाच्या नात्यातही गुंतला.

इथे एक सावधगिरी. बालकलाकाराच्या प्रत्येक नजरेत खोल अर्थ शोधू नका. आगगाडीच्या प्रसंगात अपूचं काम करणारा सुबीर बॅनर्जी काश नावाच्या उंच गवतातून जाताना थबकतो, वळून बघतो, ते साधण्यासाठी राय यांनी वाटेत अडथळे ठेवले होते आणि सहकाऱ्यांना लपवून त्यांच्याकडून ठरावीक वेळी हाका मारवल्या होत्या. म्हणून ‘अभिनेत्याने अपूचं भांबावणं ओळखलं’ असं लिहू नका. ‘अपू भांबावलेला दिसतो, कारण तो तीनदा वेगळ्या दिशेला वळतो आणि कॅमेरा गवताच्या उंचीवर आहे’ असं लिहा. किती वेळा वळतो ते स्वतः मोजा.

शब्द कुठे थांबतात

प्रत्येक जोडीत एक जागा अशी असते की पुस्तकात बोललं जातं आणि चित्रपटात बोलणं काढून टाकलेलं असतं. इथे ती हरिहरच्या परतण्याची. दुर्गा गेली आहे, त्याला माहीत नाही. तो पोरांना हाका मारत येतो, पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर, दुर्गासाठी साडी, एकेक काढून दाखवतो. कादंबरीत सर्वजया हंबरडा फोडून सांगते की दुर्गा आपल्याला फसवून गेली हो. चित्रपटात ती साडी हातात घेते, तोंडाशी धरते, तोंड उघडतं, आणि तिच्या रडण्याच्या जागी रविशंकरांनी योजलेली तारशहनाई येते. मग हरिहर कोसळतो.

अशा ठिकाणी ‘संगीतामुळे प्रसंग परिणामकारक झाला’ एवढ्यावर थांबू नका. पात्रांचं काय झालं ते विचारा. कादंबरीत बातमी सर्वजया देते, दुःखाला शब्द तिचे आहेत. चित्रपटात बातमी साडीने दिली. हरिहर आयुष्यभर शब्दांवर जगलेला माणूस, जात्रेसाठी नाटकं लिहिणारा, पोथ्या वाचणारा, आणि या क्षणी त्याला कोणी शब्द देत नाही. आम्ही वर्गात हा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघतो आणि मग आवाजासकट. सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जींच्या खांद्यांकडे लक्ष ठेवा. आवाज नसतानाच ते जास्त दिसतात.

वाढ झाली हे कशावरून?

वाढत्या वयाच्या गोष्टीत हा प्रश्न टाळून चालत नाही. सुरुवातीचं एक काम आणि शेवटचं एक काम शोधा, दोन्ही रोजची, आणि शेजारी ठेवा.

चित्रपटात शाळेच्या पहिल्या दिवशी दुर्गा अपूला उठवते, आई त्याचे केस विंचरते, त्याला तयार करते. दुर्गा गेल्यावर अपू एकटा दात घासतो. स्वतः केस विंचरतो. अंगावर शाल घेतो, तेलाची बाटली हातात घेऊन निघतो. दोन पावलं जातो, वर आभाळाकडे बघतो, मागे फिरतो आणि छत्री घेतो. संवाद नाही.

ही छत्री मला एका विद्यार्थिनीने दाखवली. मी हा चित्रपट कितीतरी वेळा पाहिला होता आणि ते मागे फिरणं माझ्या नजरेतून सुटत होतं. तिने वहीत एवढंच लिहिलं होतं : ‘पावसात भिजून ताई गेली. आता तो आभाळ बघतो.’ तिचं टिपण बरोबर का आहे, ते कादंबरीशी ताडल्यावर आणखी पटतं. पुस्तकात दुर्गा हिवतापाने जाते, आणि भावंडं झाडाखाली पाऊस थांबायचा मंत्र म्हणत भिजतात तो प्रसंग वेगळा, वादळी वाऱ्यात आंबे वेचतानाचा. राय यांनी पाऊस, ताप आणि मृत्यू एका माळेत ओवले. ती माळ नसती तर छत्रीला हा अर्थ आला नसता. म्हणजे कथानकातला एक बदल पंधरा-वीस मिनिटांनी दुसऱ्याच पात्राच्या वाढीची खूण झाला.

लिहायला बसताना

वहीतली सगळी जोडपानं लेखात घालू नका. तीन प्रसंग पुरतात, त्यांतला एक पुरा उलगडून आणि दोन थोडक्यात. ‘आधी कादंबरीतली पात्रं, मग चित्रपटातली पात्रं, मग साम्य, मग भेद’ ही मांडणी सोपी असते, पण त्यात वाचकाला चार पानं मागचं आठवत बसावं लागतं. एकाच परिच्छेदात दोन्ही बाजू आणा : पुस्तकात असं, पडद्यावर असं, म्हणून या माणसाचं असं झालं. ‘म्हणून’पुढे लिहायला काही सुचत नसेल तर तो प्रसंग सोडा.

‘मूळ कृतीला न्याय दिला’ किंवा ‘दिला नाही’ हे वाक्य मी खोडते. राय यांनी हे पुस्तक आधी चित्रकार म्हणून वाचलं होतं. सिग्नेट प्रेसच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांचीच. त्यांचा चित्रपट हे एका वाचकाचं वाचन आहे. त्या वाचकाने कोणत्या पात्राजवळ खुर्ची ओढून घेतली, ते सांगा. माझं उत्तर : पुस्तक अपूजवळ बसलं आहे, चित्रपट सर्वजया आणि दुर्गाजवळ. गुणांकनात कोणी या उत्तराशी भांडलं तर मला आनंदच होतो, फक्त भांडताना प्रसंग हातात हवा.

शेवटचं जोडपान आगगाडीचं ठेवा. डावीकडे लिहा : दोघं वासरू शोधता शोधता रूळ बघायला निघतात, पोहोचत नाहीत. दुर्गा आगगाडी कधीच बघत नाही. आजारपणात ती अपूला म्हणते, मला एकदा दाखवशील? आणि पुढे गाव सोडून गाडीत बसलेल्या अपूला गावाच्या कडेला जांभळीखाली उभी असलेली ताई दिसते, गाडीकडे बघत. उजवीकडे लिहा : काशाच्या पांढऱ्या फुलांतून दोघं धावतात, दुर्गा अडखळून पडते, अपू पुढे जातो, धूर आणि चाकं त्याच्या अगदी जवळून जातात. पुढे तापात तीही म्हणते, बरी झाले की गाडी बघायला जाऊ. पडलेली दुर्गा त्या वेळी नेमकी कुठे आहे, तिला किती दिसलं असेल, हे चित्र थांबवून, मागे नेऊन, स्वतः बघा आणि मिनिट-सेकंदासह लिहा.